हेडलाइटचा जुना बल्ब आणि परळचे काका

आधी तक्रारी सांगते, म्हणजे पुढे कौतुक वाचताना कुणाला वाटायला नको की ही परळच्या त्या गाड्यांच्या वायरिंगवाल्या काकांची भाची असणार. दुकानात बसायला जागा नाही. एक स्टूल आहे, त्यावर कायम कुणाची तरी बॅटरी चार्जिंगला लावलेली असते. फोन केला तर उचलत नाहीत. उचललाच तर "या" एवढंच म्हणतात, कधी ते सांगत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शटर बंद होतं, दुसऱ्यांदा गेले तेव्हा पुढे तीन टॅक्स्या उभ्या होत्या. बिल मागितलं की कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या कोऱ्या बाजूवर आकडे मिळतात, त्यावर सही नाही, शिक्का नाही. आणि हाताखालच्या पोराला ते ज्या आवाजात हाका मारतात, त्या आवाजात मी माझ्या दवाखान्यात बोलले तर असिस्टंट संध्याकाळपर्यंत टिकायची नाही.

तरीही माझ्या गाडीच्या वायरिंगला यापुढे दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही.

दुकान हिंदमाताच्या चौकातून भोईवाड्याकडे आत शिरणाऱ्या एका गल्लीत आहे. पाटीवर "सेल्फ, डायनॅमो, वायरिंग" एवढंच वाचता येतं, दुकानाचं नाव पावसानं कधीच धुऊन नेलंय. डायनॅमोवाली गाडी या गल्लीत शेवटची कधी आली असेल देव जाणे. आत जेमतेम सात बाय दहाची जागा आणि सगळं सामान छातीच्या वरच्या फळ्यांवर. खाली जमिनीवर काही नाही. मला आधी वाटलं, वा, किती टापटीप. मग आठवलं, हे हिंदमाता. इथे जुलैत पाणी विचारून आत येत नाही.

आता गाडी. २००४ची मारुती एस्टीम, मी तिची चौथी मालकीण. १३०० सीसी, ८५ बीएचपी, वजन नऊशे किलोच्या आत. आकडे ऐकून लोक हसतात, हसू देत. हलकी गाडी टायर कमी खाते, ब्रेक कमी खाते आणि चूक झाली तर माफ करते. वर्षातून पाच-सहा रविवारी मी तिला तळेगावच्या बाजूच्या ट्रॅकवर नेते. एकदा हौसेनं ट्रकवर घालून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवरसुद्धा नेली होती. बाकी सोमवार ते शनिवार मी विलेपार्ल्यात लोकांचे दात बघते. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, पंधरा-वीस मिनिटं फेऱ्या मारायच्या, गाडी थंड करायची, परत जायचं. नंबर कुणी काढत नाही. नवरा याला "पेट्रोल जाळून घाम काढणं" म्हणतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी, तिसऱ्या फेरीत, लांब उजव्या वळणात, तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी पुरती डावीकडे कललेली असताना इंजिन गप्प झालं. धक्का नाही, खोकला नाही. शेजारी बसलेल्या कुणीतरी किल्ली फिरवावी तसं. दीड-दोन सेकंद नुसता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज, आणि मग इंजिन आपोआप परत चालू. वळणाच्या मध्यावर असं झालं की वजन एकदम पुढच्या चाकांवर येतं आणि मागचं टोक हलकं होऊन बाहेर निघायला बघतं. मी वाचले त्यात माझं कौशल्य काही नव्हतं, आजूबाजूला कुणी नव्हतं एवढंच.

पुढचे तीन महिने मी तीन गॅरेजांत घालवले. त्यांची नावं घेत नाही, कारण त्यातला पहिला अंदाज तरी रास्त होता. टाकी अर्धी असली की वळणात पेट्रोल एका कडेला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन मरतं. ट्रॅकवर हे नेहमी होतं. म्हणून टाकी गच्च भरून गेले. तेच वळण, तेच मौन. मग पंप बदलला, फिल्टर बदलला. मग बॅटरी "कमजोर वाटते" म्हणून बदलली. मग कॉइल, मग प्लगच्या वायरी. दर वेळी गाडी शहरात झकास चालायची, गॅरेजवाला विजयी मुद्रेनं किल्ली द्यायचा आणि पुढच्या रविवारी त्याच वळणात गाडी माझ्याकडे पाठ फिरवायची. एकूण ३४ हजारांच्या आसपास गेले.

आमच्या धंद्यात याची रोज गाठ पडते. माणूस येतो, गालावर हात, म्हणतो वरची दाढ ठणकतेय. किडलेली असते खालची, वेदना भलतीकडे जाणवते. म्हणून आम्ही एकेक दात ठोकून बघतो, गारेगार कापूस लावून बघतो, एक्स-रे काढतो. हे काही न करता वरची उपटली, मग तिच्या शेजारची, मग तिसरी, तर पेशंट आमच्यावर केस करेल आणि करावीच. आणि मी स्वतः मात्र तीन महिने माझ्या गाडीचे दात एकेक करून उपटू देत होते, वर पैसे मोजत होते.

काकांचा पत्ता मला कवळीच्या मापाला आलेल्या एका निवृत्त टॅक्सीवाल्यांनी दिला. तोंडात माप घेण्याचा मसाला असताना त्यांनी "परळ" असं काहीतरी म्हटलं, ते मला पाच मिनिटांनी कळलं.

काकांनी पहिल्या भेटीत बॉनेट उघडलंच नाही. टॅक्सीखालून अर्धे बाहेर येऊन, पाना हातात तसाच ठेवून, माझी सगळी कहाणी ऐकली. साठी ओलांडलेले, चष्म्याची एक काडी इन्शुलेशन टेपनं बांधलेली. मग विचारलं, "बंद पडते तेव्हा काटा काय करतो?"

"कुठला काटा?"

"आरपीएमचा. गाडी गिअरात असते ना तुमची? चाकं फिरतायत म्हणजे इंजिनपण फिरतंय, आग लागो की न लागो. मग काटा गाडीबरोबर हळूहळू उतरतो की एकदम मरतो?"

तीन गॅरेजं, तीन महिने, ३४ हजार, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मलाही पडला नव्हता. मी म्हटलं, काका, त्या वेळी मी रस्त्याकडे बघत असते. "बरोबर आहे," ते म्हणाले, "मग कॅमेऱ्याला बघायला सांगा," आणि परत टॅक्सीखाली गेले. फी शून्य.

पुढच्या ट्रॅक-डेला मी मोबाइलचा स्टँड मीटरसमोर चिकटवला. इंजिन दोनदा गप्प झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला.

तो व्हिडिओ काकांनी गल्लीतल्या सावलीत उभं राहून किती वेळा बघितला ते मी मोजायचं सोडून दिलं. आवाज बंद करून. शेवटी पोराला बोलावून त्यालाही दाखवला, शिकवणी घेतल्यासारखा. काटा साडेपाच हजारांवरून सरळ शून्यावर पडतो. उतरत नाही, पडतो. म्हणजे पेट्रोलचा प्रश्नच नाही, कारण पेट्रोल संपलं तर इंजिन ढकललं जात असतानाही काटा त्याची गती दाखवत राहिला असता. आणि दुसरी गोष्ट, जी मला दहादा बघूनही दिसली नव्हती. काटा परत उठतो त्याच्या अगदी आधी चेक इंजिनचा पिवळा दिवा एकदा डोळा मिचकावतो.

"किल्ली ऑन केल्यावर पेटतो तोच हा," काका म्हणाले. "म्हंजे कॉम्प्युटर झोपतोय आणि उठतोय. पंप नाय, कॉइल नाय, बॅटरी तर नायच. ईसीयूला, म्हंजे त्या कॉम्प्युटरला, एकतर करंट मिळत नाय, नायतर अर्थ, म्हंजे मायनसची वाट, मिळत नाय."

गुरुवार माझा सुट्टीचा दिवस. सकाळी साडेदहाला गाडी लावली, ती दुपारी अडीचला निघाली. हे चार तास मी तपशिलात सांगणार आहे, कारण या दुकानाची खरी किंमत त्यात आहे.

सुरुवात व्होल्ट मोजायच्या मीटरनं. बॅटरी नुसती उभी असताना १२.६, सेल्फ मारताना १०.४, इंजिन चालू झाल्यावर १४.१. "बॅटरी चांगली आहे. जुनीपण चांगलीच असणार, उगाच टाकलीत." मग मेन रिले, म्हणजे ईसीयूला वीज जोडणारा स्विच, काढून तसाच दुसरा लावला, इंजिन चालू ठेवून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं रिलेवर टकटक केलं. काही नाही. फ्यूजबॉक्सच्या वायरी हलवल्या. काही नाही. मग बॅटरीच्या प्लसपासून ईसीयूच्या कपलरपर्यंत, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगपर्यंत, किती व्होल्ट वाटेत गळतायत ते बघितलं. नगण्य. तेच मायनसच्या बाजूनं, ०.०९. इथे काका थोडे थांबले. "जरा जास्त आहे. पण एवढ्यानं गाडी बंद नाय पडत."

इथपर्यंत मला थोडी निराशा आली होती, कारण आधीच्या एका गॅरेजनंही हेच अर्थिंग मीटरनं तपासलं होतं आणि ओके म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात काकांनी वरच्या फळीवरून एक जुना हेडलाइटचा बल्ब काढला. एस्टीमचाही नव्हे, कुठल्या तरी टेम्पोचा असावा. मागे दोन वायरी सोल्डर केलेल्या, टोकांना चिमटे. ईसीयूचा कपलर काढून ठेवला, बल्बचा एक चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि दुसरा कपलरमधल्या अर्थच्या पिनला, एका बारीक सुईच्या आधारानं, पिन रुंद होऊ नये म्हणून. बल्ब भक्क पेटला. तो त्यांनी वायपरच्या बाजूला काचेवर उलटा ठेवला, चारही बाजूंनी दिसेल असा.

"मीटर काय करतो," त्यांनी मला समजावलं, "नावाला एवढासा करंट सोडतो आणि म्हणतो रस्ता आहे. पायवाट असली तरी म्हणेल रस्ता आहे. हा बल्ब म्हंजे भरलेला ट्रक. पंचावन्न वॉट, साडेचार अँपिअर. तो गेला पाहिजे. आणि मीटरचा आकडा बदलेपर्यंत फॉल्ट येऊन जातो. बल्ब लगेच सांगतो."

मग त्यांनी पोराला इंजिनजवळ बोलावलं. वळण उजवं, म्हणजे इंजिन डावीकडे फेकलं जाणार. इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचं रबर वीस वर्षांचं, तेवढं हलू देतं. पोरानं लाकडी ठोकळा लावून टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, इंजिनला डावीकडे रेटलं. बल्ब पेटलेलाच. "अरे मेल्या, गुदगुल्या करतोयस काय? रेट!" पोरानं अंगाचा भार टाकला.

बल्ब आधी पिवळा झाला, मग मंद लाल, आणि विझला. पोरानं टॉमी सोडली, भक्क.

गल्लीत त्या वेळी आम्ही तिघं, पुढच्या चहावाल्याचा पोऱ्या आणि एक रिकामे गृहस्थ होतो. कुणी काही बोललं नाही. काकांनी हातानं खूण केली, परत. रेट, विझला. सोड, पेटला. तीन महिने जे वळण मला घाबरवत होतं ते भोईवाड्याच्या गल्लीत, उभ्या गाडीत, एका बल्बच्या रूपानं समोर होतं.

त्यानंतर जागा सापडायला पाच मिनिटं लागली. ईसीयूची अर्थ वायर या गाडीत इंजिनच्या मॅनिफोल्डवर बोल्टनं बसते. म्हणजे वायरीचं एक टोक बॉडीबरोबर, दुसरं इंजिनबरोबर. इंजिन जितकं हलेल तितकी ती वाकणार. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजनं माझं इंजिन "नीटनेटकं" करून दिलं होतं. सगळ्या वायरी कडेकडेनं लपवल्या, फोटो काढायला छान. त्या नादात ही वायर आखूड पडली म्हणून तिला चार इंचांचा तुकडा सोल्डर करून जोडला होता, वर सुबक टेप. काकांनी ब्लेडनं टेप कापली, सोल्डरच्या गाठीच्या पुढे वायर दोन बोटांत धरून दुमडली. वरचं प्लास्टिक अखंड होतं आणि आत काही नव्हतं. म्हणजे तांब्याचे सगळे धागे गाठीच्या कडेला तुटलेले, नुसते एकमेकांना टेकून उभे. प्लास्टिक सोलल्यावर टोकं मोकळी झाली, टूथब्रशच्या झिजलेल्या केसांसारखी.

"अर्थच नाय याला," काका म्हणाले, आणि क्षणभर मला वाटलं ते माझ्या छंदाबद्दल बोलतायत.

असं का तुटतं तेही त्यांनी सांगितलं, आणि हे गाडीला हौसेनं हात लावणाऱ्या प्रत्येकानं ऐकून ठेवावं. सोल्डर गरम असताना धाग्यांच्या मधून पुढे शोषलं जातं. जिथपर्यंत जातं तिथपर्यंत वायर कडक सळई होते, त्याच्या पुढे मऊ असते. मग सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं. घरातल्या रेडिओत हरकत नाही, तो जागचा हलत नाही. इंजिनवर मिनिटाला हजारो हादरे. सोल्डरला विरोध नाही, पण गाठ दोन्ही बाजूंनी पक्की धरून ठेवली पाहिजे, लोंबकळती नको.

दुरुस्तीत चमत्कार काही नव्हता, फक्त घाई नव्हती. जोडतुकडा फेकून कपलरपासून मॅनिफोल्डपर्यंत अखंड नवी वायर. टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी, ते पक्कडीनं चेपून नव्हे, तर क्रिम्पिंगच्या हत्यारानं. वर आतून गोंद असलेली स्लीव्ह, लायटरनं आखडवलेली. मॅनिफोल्डवरची बोल्टची जागा पॉलिश पेपरनं घासून पांढरी केली आणि बसवल्यावर वर व्हॅसलीनचा हात. वायरीला मुद्दाम झोळ ठेवला आणि झोळाच्या दोन्ही टोकांना क्लिप, एक बॉडीवर, एक इंजिनवर. शिवाय इंजिन ते बॉडी अशी एक जाड अर्थची पट्टी वेगळी टाकली. परत बल्ब, परत टॉमी. पोरानं इंजिन जवळजवळ उचललं तरी बल्बानं पापणी हलवली नाही. मीटरवर ०.०९चे ०.०२ झाले.

इथे माझं काम संपलं होतं. काकांचं नव्हतं. "हा लाल स्विच कसला?" त्यांनी विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, किल स्विच. अपघात झाला तर बाहेरूनही कुणी फिरवला की सगळी वीज बंद. काकांनी इंजिन चालू करायला सांगितलं आणि स्विच फिरवला. इंजिन मजेत चालू राहिलं.

मी हा स्विच स्वतः तपासला होता, पण इंजिन बंद असताना. दिवे गेले, मी खूश. कारण साधं आहे. स्विच फक्त बॅटरी तोडत होता. इंजिन फिरत असलं की अल्टरनेटर वीज बनवत राहतो आणि गाडी त्याच्या जिवावर चालते, पंपही चालतो. म्हणजे पेट्रोलची नळी फुटलेली, गाडी उलटलेली, आणि पंप पेट्रोल फेकत राहतोय. अशा स्विचला सहा टर्मिनल असतात. दोन जाड बॅटरीची, एक बारीक जोडी इग्निशनचा रस्ता तोडायला, आणि दुसरी बारीक जोडी एका रेझिस्टरमधून अल्टरनेटरची उरलेली उसळी जमिनीत सोडायला, नाहीतर ती ईसीयूच्या डोक्यात जाते. माझ्या स्विचची चारही बारीक टर्मिनलं कोरी होती, कारखान्यातून आली तशी चकचकीत.

"ही शोभेची वस्तू आहे, डॉक्टर," काका म्हणाले. (तोपर्यंत मॅडमची डॉक्टर झाले होते.) रेझिस्टर त्यांच्याकडे नव्हता. ३ ओहमचा, चांगल्या वॉटचा, असं चिठ्ठीवर लिहून मला लॅमिंग्टन रोडला पिटाळलं. चहा-वड्याच्या पैशात मिळाला. पुढच्या गुरुवारी अर्ध्या तासात ते काम झालं. आता स्विच फिरवला की इंजिन एका श्वासात बंद.

आणखी एक बारीकसारीक. फ्यूजबॉक्समध्ये जिथे निळा १५चा हवा तिथे कुणीतरी हिरवा ३०चा घातला होता, "सारखा उडतो" म्हणून. यावर काका खरोखर चिडले. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, ३०चा घातलात तर फ्यूजच्या आधी वायर पेटेल, इतकं साधं. सारखा का उडतो ते बघा ना. बघितलं, रेडिएटरच्या पंख्याची वायर एका पत्र्याच्या कडेला घासत होती.

मधल्या चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, हे शिकलात कुठे. एका गिरणीत बदली कामगार होते, इलेक्ट्रिक खात्यात. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते एका टॅक्सी-वायरमनच्या हाताखाली बसले, पद्मिनी टॅक्स्यांवर. "पण खरा धडा २६ जुलैनं दिला." २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या आणि पुढची काही वर्षं काकांकडे येत राहिल्या. वरून वायर नवी कोरी, आत तांबं हिरवं पडून भुगा. पाणी वायरीच्या पोटातून वीतभर आत चढलेलं असतं. माझ्या एस्टीमची त्यांनी दाराच्या उंबऱ्याजवळची एक वायर नखाएवढी सोलून बघितली. तांबं लाल, चकचकीत. "ही त्या दिवशी बुडालेली नाय." गाडी घेताना तिसऱ्या मालकानं दिलेल्या सगळ्या कागदांपेक्षा मला हा दाखला जास्त पटला. सोललेल्या जागेवर लगेच स्लीव्ह चढली, हेही सांगायला हवं.

पैसे: दोन्ही गुरुवार धरून, सामानासकट, ३,८०० रुपये. मी पाच हजार पुढे केले तर उरलेले परत दिले आणि म्हणाले, कवळीवाल्यांना तुमच्याकडे सवलत द्या.

कुणी जाऊ नये तेही सांगते. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला काका हात लावत नाहीत. सरळ म्हणतात, ते माझं काम नाय, कंपनीत न्या. नव्या गाड्या, ज्यात सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, त्याही घेत नाहीत. स्कॅनर त्यांच्याकडे नाही आणि घ्यायचा विचारही नाही. घाई असेल तर जाऊ नका. त्यांचा पहिला संशय बरोबरच असतो असंही नाही. माझ्या वेळी रिलेवर पाऊण तास गेला. फक्त त्या पाऊण तासात त्यांनी रिले मला विकला नाही. पावसाळ्यात गाडी ठेवून तर अजिबात येऊ नका, पाणी भरलं तर गाडी उचलून ठेवायला फळी नाही, हे त्यांचेच शब्द.

गाडी कधी, कुठल्या गिअरात, कुठल्या बाजूला कललेली असताना, गरम की थंड असताना बंद पडते हे लिहून न्या. व्हिडिओ असेल तर उत्तम. पार्किंग नाही, दादर पूर्वेला गाडी ठेवून चालत जायचा प्रश्नच नाही कारण गाडीच तर दाखवायची आहे. साडेदहाच्या आत पोचा, तेव्हा गल्लीत एक जागा मोकळी असते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मी ट्रॅकवर पाच सत्रं केली. त्या उजव्या वळणात पहिल्या दोन फेऱ्या मी पाय आखडून घेतला, तिसरीपासून विसरले. इंजिन एकदाही गप्प झालं नाही. काकांनी व्हिडिओ मागितला होता, तो गुरुवारी घेऊन गेले, पेढेही नेले. पेढे पोरानं घेतले. काकांनी आवाज बंद करून वीस मिनिटं सगळा व्हिडिओ बघितला, मान हलवली, आणि मग मोबाइल माझ्यापुढे धरून स्पीडोमीटरवर बोट ठेवलं.

"हा काटा बघा कसा नाचतोय. केबल सुकलीये. पुढच्या गुरुवारी आणा, साडेदहाच्या आत."